पाला कुजतो तिथं

प्लास्टिक खाणारे जीवाणू सापडले, अशी बातमी अधूनमधून पेपरात येते आणि आमच्या विभागात विचारणा सुरू होते. कुणी नगरपरिषदेतला ओळखीचा माणूस फोन करतो. कुणी मासेमारी संस्थेचा सभासद गाठून विचारतो, "मॅडम, तो जंतू तळ्यात सोडता येते का जी?" भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या मुलामुलींबरोबर मातीतून आणि खतातून असे जीवाणू वेगळे करण्याचं काम आम्ही काही वर्षांपासून करतो आहोत, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. त्याला उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणून भागत नाही. नीट सांगायचं तर थोडं बसावं लागतं.

आमचा जिल्हा तळ्यांचा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, गावोगावच्या बोड्या आणि त्यांच्या खाली पसरलेल्या धानाच्या बांध्या. तळ्यात ढिवर बांधवांची मासेमारी आणि शिंगाड्याची लागवड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ उघडा पडतो आणि वर्षभरात काय काय येऊन साचलं ते दिसतं. खर्रा घोटायच्या पन्न्या जागोजागी. बियाण्याची, औषधांची पाकिटं, युरियाच्या पोत्यांचे सुटलेले धागे, वेफर्सची चकचकीत पाकिटं, लग्नातल्या थर्माकोलच्या वाट्या. वैनगंगेचंही तेच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरतं आणि गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात येऊन थांबतं. सोबत तरंगत आलेलं सगळं जलपर्णीत अडकतं. जाळं ओढलं की मासळीच्या आधी हा कचरा निवडत बसावं लागतं. पाण्याच्या बाटल्या मात्र त्यात त्या मानानं कमी असतात, कारण बाटलीला भंगारात भाव मिळतो आणि ती वेचली जाते. पन्नी कुणी वेचत नाही.

हा फरक मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, हे पॉलिस्टर. शर्टाच्या आणि साडीच्या कापडात जे पॉलिस्टर असतं तेच हे रसायन. त्याच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाचा बंध येतो आणि योग्य विकर, म्हणजे एन्झाइम, मिळालं की पाण्याच्या मदतीनं तो बंध तुटतो. आपल्या पोटात तेलातुपाचं पचन होतं तेही एस्टर बंध तोडूनच. पन्नीचं पॉलिथिन वेगळं. त्यात कार्बनला कार्बन जोडलेला, त्याला पुन्हा कार्बन, अशी हजारो अणूंची सलग साखळी असते. पाणी जिथून शिरून तोडेल असा सांधाच तिच्यात नाही. बातमीत दोन्हींना प्लास्टिकच म्हणतात. प्रयोगशाळेत ते दोन निराळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिल्या प्रश्नाची सगळ्यात गाजलेली गोष्ट जपानची. साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्प्रक्रिया केंद्राच्या आवारातून शोसुके योशिदा, कोहेई ओदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले. त्यातून त्यांना जो जीवाणू मिळाला त्याचं नाव त्यांनी इडिओनेला साकाइएन्सिस ठेवलं. मार्च २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे काम छापून आलं. ३० अंश तापमानाला पीईटीचा पातळ पापुद्रा या जीवाणूनं सुमारे सहा आठवड्यांत संपवला. त्याची दोन विकरं पाळीनं काम करतात. पहिलं पापुद्र्याचे लहान तुकडे करतं, दुसरं त्या तुकड्यांपासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल मोकळं करतं. बाटली ज्या दोन द्रव्यांपासून बनते, तीच ही दोन.

मुलं हा निबंध वाचतात आणि लगेच कचरा डेपोवर जायला निघतात. तिथं जायला हरकत नाही, आम्हीही तिथून नमुने आणतो. पण मला स्वतःला जास्त महत्त्वाची वाटते ती चार वर्षं आधीची, २०१२ सालची, त्या मानानं कमी ठाऊक असलेली गोष्ट. ओसाकाच्या संशोधकांनी एक्स्पो पार्कमधलं पालापाचोळ्याचं, काटक्यांचं खत घेतलं. त्यातले जीवाणू वाढवत न बसता त्यांनी त्या खतातला सगळा डीएनए एकत्र काढला, त्याचे तुकडे प्रयोगशाळेतल्या साध्या ई. कोलाय जीवाणूत घातले आणि कोणता तुकडा कामाचं विकर बनवतो ते तपासलं. त्यात क्युटिनेज नावाचं एक विकर मिळालं. ते मुळात कोणत्या जीवाचं, हे कळलंच नाही, पण ते पीईटी तोडत होतं. पुढे फ्रान्समध्ये तुलूजचे संशोधक आणि कारबिओस ही कंपनी यांनी त्याच विकरात मोजके फेरफार केले. एप्रिल २०२० मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं की ७२ अंशांना १० तासांत बाटल्यांच्या चुऱ्यातलं ९० टक्के पीईटी मूळ द्रव्यांत उतरवता येतं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग शहरात आणखी एक जलद विकर मिळालं, तेही स्मशानभूमीतल्या कंपोस्टच्या ढिगात.

पाला कुजतो तिथंच हे का सापडावं? पानाच्या वर जो मेणचट पापुद्रा असतो, ज्यामुळे पावसाचं पाणी पानावरून ओघळून जातं, त्यात क्युटिन नावाचा पदार्थ असतो. क्युटिन हे निसर्गातलं पॉलिस्टर आहे. पीईटीचा जन्म १९४१ चा, इंग्लंडमधला. पानं जमिनीवर पडू लागली त्याला कोट्यवधी वर्षं झाली आणि तेव्हापासून बुरशी आणि जीवाणू त्यांचं क्युटिन तोडत आले आहेत. त्यांच्याकडचं हत्यार जुनंच आहे. माणसानं त्याच जातीचा बंध असलेला नवा पदार्थ त्यांच्यापुढे टाकला, इतकंच. हे एकदा समजलं की भंडाऱ्यात शोध कुठे घ्यायचा ते नकाशा न पाहताही ठरतं. साग, पळस, मोहाची पानं, धानाचं तणस आणि गोठ्यातलं शेण आपल्याकडे उकिरड्यात एकत्र येतात. ढीग मोठा असेल, ओल नीट असेल आणि मधूनमधून उलटापालट होत असेल तर आतली उष्णता साठ अंशांच्या पुढे जाते. पीईटीची साखळी सैल व्हायलाही साधारण तेवढीच उष्णता लागते. गार असताना ती घट्ट बसलेली असते आणि विकराला आत शिरता येत नाही. सत्तर अंशांच्या आसपास ती हलू लागते. म्हणून आम्ही उष्णतेत टिकणारे जीवाणू मागतो आणि ते ढिगाच्या पोटात असतात.

लाखांदूरकडच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी स्वतःच्या घरचाच उकिरडा निवडला. मीही तिच्याबरोबर गेले होते. दिवाळीनंतरचे दिवस, शेतात धानाचे पुंजणे लागलेले. आम्ही ढिगात लांब थर्मामीटर खुपसला, खोलातलं खत निर्जंतुक डब्यांत भरलं, डब्यांवर नोंदी केल्या. तिची आजी हे सगळं पाहत उभी होती.

"खात तं समदेच नेतात जी, पण डबीभर कायले पायजे?" तिनं मला विचारलं.

नात म्हणाली, "आजी, त्यातले जंतू पायतो आमी. पन्नी खातात का ते."

"माह्या उकिरड्यात पन्नी नाही सडत," आजी म्हणाली. "सारं सडते, शेण सडते, तणस सडते. पन्नी तशीच रायते. वखरताना निगते."

वहीत आजीचं हे निरीक्षण मी तारखेसह उतरवून घ्यायला सांगितलं. चांगल्या तापलेल्या ढिगात वर्षानुवर्षं पडूनही पॉलिथिन कुजत नाही, हा निकाल त्या अंगणात आमच्या आधीच लागलेला होता आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत मानला जाईल.

पुढचं काम कंटाळवाणं वाटतं, पण मला त्याचीच गोडी आहे. एक ग्रॅम खत नऊ मिली निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक मिली पुढच्या नऊमध्ये, असं पातळ करत जायचं आणि प्लेटवर पसरवायचं. आम्ही ट्रायब्युटिरिनची प्लेट वापरतो. ट्रायब्युटिरिन एक साधं स्निग्ध द्रव्य, त्यानं आगर दुधाळ दिसतं. एस्टर बंध तोडणारं विकर ज्या वसाहतीतून बाहेर पडतं, तिच्याभोवती तो दुधाळपणा जाऊन स्वच्छ कडं उमटतं. ओसाकाच्या संशोधकांनी डीएनएचे तुकडे निवडले ते अशाच प्लेटवर. ही चाचणी स्वस्त आहे आणि आमच्यासारख्या कॉलेजात करता येते, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. पन्नास अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेटा रात्रीत सुकून तडकतात, म्हणून आत पाण्याचं भांडं ठेवायचं आणि प्लेटा गुंडाळायच्या. मे महिन्यात लाइन गेली की इन्क्युबेटरचं तापमान घसरतं, मग तापमानाची नोंद करायला पाळ्या लावाव्या लागतात.

शेणाच्या नमुन्यात कडी खूप उमटतात आणि मुलं हरखून जातात. तिथं त्यांना थांबवावं लागतं, कारण तेलतूप पचवणारं कोणतंही विकर ते कडं उमटवतं. दुसरी चाळणी पॉलिकॅप्रोलॅक्टोनची. हेही पॉलिस्टरच, पण मऊ, तुटायला सोपं. त्यावर कडी बरीच कमी होतात. तिसरी चाळणी प्रत्यक्ष पीईटीची, आणि तिथं बहुतेक जीवाणू गळतात. पीईटी तुटलं तर द्रवात टेरेफ्थॅलिक आम्ल उतरतं. ते २४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतं, म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याचा माग काढता येतो. पण प्रथिनंही अतिनील प्रकाश शोषतात. तेव्हा जीवाणू आहे पण पीईटी नाही, पीईटी आहे पण जीवाणू नाही, अशा दोन्ही नळ्या शेजारी लावल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो. आमच्याकडे खडूच्या पुडीसारख्या पांढऱ्या, उष्णताप्रिय अ‍ॅक्टिनोमायसीट वसाहती आहेत. त्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनवर ठळक कडं देतात आणि पीईटीवर तुलनेच्या नळ्यांपेक्षा किंचित जास्त आकडा देतात. यापुढची खातरी एचपीएलसी यंत्रावर करावी लागते. ती होईपर्यंत आम्ही 'प्लास्टिक खाणारा जीवाणू' हे शब्द फलकावर लिहीत नाही.

पन्नीच्या बाबतीत तर ही सावधगिरी आणखी हवी. २०१७ मध्ये फेदेरिका बेर्तोकिनी यांनी स्पेनमधून एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्या मधमाश्याही पाळतात. पोळ्यातल्या मेणअळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर पिशवीला भोकं पडली. जगभर बातमी झाली. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की पॉलिथिन बदलल्याचा जो संकेत दाखवला आहे, तो अळ्यांच्या लगद्यातल्या प्रथिनांचाही असू शकतो. बेर्तोकिनी थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये त्यांच्या गटानं अळीच्या लाळेतली दोन विकरं वेगळी करून मांडली. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही आणि विज्ञान पुढे जातं ते असंच. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या तिवरांच्या मुळांजवळची माती तपासली आणि अ‍ॅस्परजिलस वंशातल्या दोन बुरशींमुळे पॉलिथिनचं वजन आणि ताण सोसायची ताकद घटल्याचं २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडलं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी हे काम जरूर वाचावं. त्यापुढचे प्रश्न या क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी सारखेच आहेत: वजन घटलं तेव्हा साखळी तुटली, की प्लास्टिकमध्ये मिसळलेली भर निघून गेली? नेमकं कोणतं विकर? पन्नीतला कार्बन शेवटी गेला कुठे? सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे खुणेचा कार्बन घातलेलं पॉलिथिन द्यायचं आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ती खूण शोधायची. हे महाग आहे, पण याला पर्याय नाही.

आता तळ्यात जंतू सोडण्याचं. सोडून उपयोग नाही. तळ्याचं पाणी कितीही तापलं तरी ढिगातल्या या जलद विकरांना लागते तेवढी उष्णता तिथं कधीच मिळणार नाही. शिवाय तळ्यात शेण, पाला, माशांची विष्ठा असं सोपं अन्न भरपूर असताना जीवाणू प्लास्टिककडे वळणार नाही. आणि समजा, त्यानं पन्नी अर्धवट कुरतडली, तर तिचे बारीक कण माशांच्या पोटात जातील. हे काम टाकीतच व्हायला हवं: प्लास्टिक दळून, वितळवून, झटकन थंड करून त्याची घट्ट स्फटिकी रचना मोडायची, मग तापलेल्या पाण्यात विकर घालायचं आणि निघालेली द्रव्यं शुद्ध करून पुन्हा वापरायची. आम्ल वाढू नये म्हणून सतत क्षार घालावा लागतो, त्यातून लवण साचतं, त्याची विल्हेवाट लावावी लागते. खर्च तिथं होतो.

मग भंडाऱ्यात या विकराचा उपयोग कशासाठी? बाटलीसाठी नव्हे, तिला गिऱ्हाईक आहे. माझ्या मते तो साड्यांसाठी आहे. रानडुकरांपासून धान वाचवायला आमच्याकडे बांधीभोवती जुन्या साड्या ताणतात. दूरवर रंगीबेरंगी कुंपणं दिसतात. त्यातल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या. ऊन-पावसात त्यांच्या चिंध्या होतात, धागे झडतात आणि बांधीच्या चिखलात मिसळतात. रोवणीच्या वेळी ते हाताला लागतात. या चिंध्यांना भंगारवाला हात लावत नाही, कारण रंग आणि मिश्र धागे असलेलं कापड वितळवून चांगला माल निघत नाही. विकर मात्र मिश्रणातून फक्त पॉलिस्टरचा बंध शोधून तोडू शकतं, कापूस आणि रंग बाजूला राहतात. कापडाचा धागा बाटलीपेक्षाही चिवट असतो, तेव्हा आधीची प्रक्रिया जास्त लागेल. तरीही ज्या कचऱ्याला दुसरा कोणताच रस्ता नाही त्यावर हे विज्ञान आधी लावावं, असं मला ठामपणे वाटतं. आमच्या पुढच्या प्रकल्पात पीईटीच्या पापुद्र्याऐवजी कुंपणाच्या साडीचा धागा असणार आहे.

जिल्ह्यातल्या आणि विदर्भातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांना माझी विनंती आहे. दरवर्षी आपल्याकडे कितीतरी प्रकल्प होतात, वेगळ्या केलेल्या जीवाणूंच्या प्लेटा फ्रीजमध्ये राहतात आणि परीक्षा झाली की ऑटोक्लेव्हमध्ये जातात. तसं होऊ देऊ नका. कामाचा वाटणारा प्रत्येक जीवाणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा, नमुना कुठल्या ढिगातून, कोणत्या तापमानाला घेतला ते लिहा, आणि खातरी पटली की पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करा. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा, म्हणजे पुढच्या मुलांचं वर्ष वाचेल. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोकजैवविविधता नोंदवही करतात. तीत झाडं, मासे, धानाचे वाण येतात. सूक्ष्मजीवही त्याच कायद्याखाली जैविक संसाधन आहेत, त्यांचीही नोंद व्हावी. गावच्या उकिरड्यातून उद्या एखादं मोलाचं विकर निघालं तर त्या गावाचा वाटा या नोंदीवर सांगता येईल.

आणि शेतकरी घरांना एवढंच सांगणं: पन्नी खतात जाऊ देऊ नका, ती तिथं कुजत नाही. कुंपणाची साडी विरली की झडायच्या आत काढा आणि पोत्यात वेगळी भरून ठेवा.